सहा महिने, ६,९९९ रुपये आणि एक गेलेलं गाणं: ऑनलाइन मार्केटिंग कोर्सचा अनुभव

परवा पावसाने जरा उघाडी दिली म्हणून माळ्यावरची सोलं (कोकमाच्या सुकवलेल्या साली) खाली आणून पसरत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. "उद्या तुमच्या खात्यातून ४९९ रुपये वजा होतील." कोणाला आणि कशाबद्दल, हे वाचेपर्यंत बोटांचा लाल रस स्क्रीनभर. कोर्सवाले! डिसेंबरात ६,९९९ भरताना खाली बारीक अक्षरात 'कम्युनिटी, पहिले सहा महिने मोफत' अशी ओळ होती आणि मी घाईत ऑटोपेला होकार देऊन पिन दाबला होता. अशा आपोआप कपातीची सूचना २४ तास आधी यायलाच हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणून वाचले. आपण ज्या ॲपने पैसे पाठवतो त्यातच ऑटोपेचा एक कोपरा असतो. तिथे जाऊन मंजुरी रद्द केली. कोर्सवाल्यांना विचारावं लागत नाही. तुम्हीही असला कोर्स घेतला असेल तर आधी तो कोपरा बघून या, मग पुढचं वाचा.

कोर्स कुठला ते सांगत बसत नाही. ९९ रुपयांचा वेबिनार, ४९,९९९ वर लाल काट, कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ. सगळे एकाच साच्यातले.

माझा धंदा छोटा. मालवण तालुक्यात कट्टा गावाच्या बाजूला घर, मागे रातांब्याची, म्हणजे कोकमाची, अकरा झाडं, शिवाय शेजारपाजारचे रातांबे विकत घेते. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, शिवाय सोलं, थोडं सरबत. अर्ध्या लिटरची आगळाची बाटली १८० रुपयांना. त्यात बाटली, बूच, लेबल, मीठ, मजुरी, कुरिअरला सांडलेलं, सगळं वजा जाता मला ५५ सुटतात. म्हणजे कोर्सची फी झाली १२७ बाटल्या. मी तेव्हापासून सगळं बाटल्यांत मोजते. नवरा म्हणतो हे वेड आहे. असू दे.

आता मुख्य तक्रार. गाणं.

कोर्सच्या तिसऱ्या धड्यात सर सांगतात की इन्स्टाग्रामवरचं वैयक्तिक खातं ताबडतोब बिझनेस खातं करा, आकडे दिसतात, संपर्काचं बटण मिळतं. केलं. दुसऱ्या दिवशी रील करायला बसले. नारळाच्या दुधात आगळ ओतलं की जो रंग चढत जातो तो सावकाश टिपलेला. त्यावर लावायला तेव्हा सगळीकडे वाजणारं एक कोळीगीत मनात धरलेलं. शोधलं तर नाही. आदल्या आठवड्यात होतं, आता त्या जागी लिफ्टमध्ये वाजतात तसले सूर. सासूबाई बाजूला नारळ खवत होत्या. "गो, गाणां खंय गेलां?" मला तरी कुठे माहीत?

कोर्सच्या ग्रुपवर विचारलं तर उत्तर चार दिवसांनी आलं: "खातं क्रिएटर करा, मॅडम." क्रिएटर म्हणजे रील करणाऱ्या कलाकारांसाठीचं खातं. करून बघितलं, गाणं परत आलं. रील टाकली, ११,००० वेळा पाहिली गेली. घरात पेढे वाटायचे बाकी होते. मग धडा नऊमध्ये सांगितल्याप्रमाणे चाललेल्या रीलवर पैसे लावायला गेले, तर सूचना आली की यातल्या संगीतामुळे ही रील जाहिरात म्हणून चालवता येणार नाही.

रात्री मेटाचे, म्हणजे इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचे, नियम वाचत बसले, तेव्हा प्रकाश पडला. इन्स्टाग्रामवरची प्रसिद्ध गाणी लोकांनी आपापल्या हौसेसाठी वापरावीत म्हणून परवाना घेतलेला असतो. धंद्यासाठी वापरायचं तर हक्क आपण मिळवायचे. म्हणून बिझनेस खात्याला फक्त मोकळ्या हक्कांचं संगीत दिसतं. क्रिएटर खातं करून गाणं दिसायला लागलं, याचा अर्थ आगळ विकायला ते वापरायची परवानगी मिळाली असा नाही. नियम बरोबरच आहे, ज्याने गाणं केलं त्याच्याही पोटाचा प्रश्न आहे. माझा राग सरांवर आहे. बेचाळीस धडे, त्यात 'तुमच्या ब्रँडचा रंग कोणता' यावर पाऊण तास, आणि या गोष्टीवर एक वाक्य नाही. वर पळवाट म्हणून क्रिएटर खातं सुचवतात! लोक म्हणतात एवढ्याशा गोष्टीवर किती बोलतेस. अहो, पहिले दोन महिने माझे सगळे धडे या एका गोष्टीवर अडकले होते. बोलणारच.

त्या ११,००० मधून चौकशा किती आल्या? दोन. एक पुण्याची, एक बंगळुरूची, आणि बंगळुरूच्या बाईंना नाही म्हणावं लागलं. कारण राज्यातल्या राज्यात माल विकायला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण परराज्यात विकायचं तर उलाढाल कितीही चिमुकली असो, नोंदणी लागते. सर मात्र पहिल्या धड्यापासून 'पूर्ण भारत तुमचं मार्केट' म्हणून नाचतायत.

दुसरा किस्सा जाहिरातीचा. कोर्समधली सगळी उदाहरणं पुण्याच्या कॅफेची, जिमची, केक करणाऱ्या ताईंची. त्यामुळे नियम असा की आपल्या जागेभोवती १० किलोमीटरचं वर्तुळ काढा. काढलं. ५०० रुपये लावले. १० किलोमीटरमध्ये कोण राहतं? ज्यांच्या दारात रातांबा आहे ते सगळे. पहिली कमेंट आली: "आमच्या परड्यात दोन झाडां आसत. व्हये तर येवन घेवन जावा." त्यावर ४३ जणांनी हसून घेतलं. बरं, ५०० म्हणजे ५०० नव्हेत. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० गेले. बजेटच्या धड्यात हा कर सरांच्या गणितात नव्हता.

मग वर्तुळ उचलून डोंबिवली, ठाणे, लालबाग, परळला नेऊन ठेवलं. जिथे आपला चाकरमानी आहे तिथे. सर म्हणाले होते फेसबुक म्हातारं झालं, सगळं लक्ष इन्स्टाग्रामवर द्या. माझं गिऱ्हाईकही म्हातारंच आहे की! पन्नाशी-साठीच्या बायका, ज्यांच्या सासरी किंवा माहेरी आगळाची बरणी असायची. त्या फेसबुकवर सकाळी भेटतात. तिकडे जाहिरात दाखवली आणि बटण थेट व्हॉट्सॲपचं ठेवलं, तेव्हा कुठे लोक बोलायला लागले.

शब्दांचंही तसंच. आम्ही सोलां म्हणतो, पुण्याची मंडळी आमसूल म्हणतात, मुंबईत बरेचजण नुसतं कोकम. मी 'सोलं' लिहून बसले होते, पुणेकरांना पत्ताच नाही. आता तिन्ही शब्द वर्णनात घालते. हे मला सरांनी नाही, डोंबिवलीच्या एका काकूंनी शिकवलं. त्यांनी विचारलं, "आमसुलं नाहीत का हो तुमच्याकडे?" समोर तीन किलो सोलांचा फोटो होता.

हॅशटॅगबद्दल फार लिहीत नाही. कोर्समध्ये तीस-तीस हॅशटॅगची तयार यादी देतात. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी जानेवारी २०२५ मध्ये सांगत होते की रील किती जणांपर्यंत पोचणार हे ती किती वेळ पाहिली जाते, किती लाइक येतात आणि किती जण ती दुसऱ्याला पाठवतात यावर जास्त अवलंबून असतं. त्याच महिन्यात रील तीन मिनिटांपर्यंत करता यायला लागली. कोर्सचे व्हिडिओ अजून ९० सेकंदांवरच थांबलेत.

इथवर काल लिहिलं होतं. आज सकाळी पार्सलं बांधताना लक्षात आलं की सगळं खरं असलं तरी पूर्ण नाही. धडा सोळा ते एकोणीस परत उघडून बघितले. व्हॉट्सॲप बिझनेसचे. शिकवणाऱ्या या दुसऱ्याच, कोणी मॅडम आहेत, आवाज चढवत नाहीत, आणि बाईंनी कधीतरी स्वतः काही विकलेलं असणार. माझा आजचा धंदा या चार धड्यांवर चाललाय.

ते लेबल प्रकरण बघा. प्रत्येक चॅटला खूण लावता येते. माझ्या चार: पैसे यायचेत, पार्सल बांधायचंय, कुरिअरला दिलं, फुटली. पूर्वी वहीत लिहायचे आणि वहीवर आगळ सांडायचं. कॅटलॉगमध्ये फोटो, दर, वजन एकदा टाकलं की 'कितीला?' हा प्रश्न अर्धा कमी होतो. झटपट उत्तरं तर सोन्यासारखी. एक छोटा शब्द टाइप केला की पूर्ण मजकूर येतो. माझं पहिलं झटपट उत्तर आहे: "आगळ खारट असतं, सरबत नव्हे. पाणी घालून मगच प्या." कोथरूडच्या एका भल्या गृहस्थांनी ग्लासभर तसंच तोंडाला लावलं होतं, त्यांच्या निमित्ताने ते तयार झालं. आजवर निदान शंभरदा पाठवलं असेल.

आणि ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना. एका यादीत २५६ माणसं बसतात, पण ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच संदेश पोचतो. हे मॅडमनी सांगितलं नसतं तर मी मेपर्यंत भिंतीशीच बोलत बसले असते. आता बाटलीच्या लेबलवर १४ आकडी अन्न परवाना क्रमांकाच्या खाली छापलंय: 'नंबर सेव्ह करा, नवं आगळ निघालं की कळवू.' एका ओळीचा खर्च शून्य.

म्हणजे बेचाळीसपैकी चार धडे. तेवढेच वेगळे विकले असते तर हजार रुपये मी हसत दिले असते. गुगल आणि मेटा यांचे प्राथमिक धडे तर फुकट मिळतात, हे मला फी भरल्यावर कळलं.

पैसे परत मागण्याचं महाभारत थोडक्यात. 'सात दिवसांत पूर्ण परतावा' असं पानावर मोठ्ठं लिहिलेलं. शंकांचे दोन लाइव्ह तास रद्द झाले म्हणून पाचव्या दिवशी मागितले. उत्तर आलं की ८० टक्के धडे पूर्ण केले असतील तरच. पाच दिवसांत ८० टक्के धडे! आमच्याकडे वीज आणि नेटवर्क एकाच वेळी असतात ते तास मोजले तरी जमलं नसतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, पावतीचे आणि त्या पानाचे स्क्रीनशॉट जोडले. तीन आठवड्यांनी ३,००० परत आले, उरलेल्यावर मी पाणी सोडलं. स्क्रीनशॉट आधी काढा. नंतर ते पान बदललेलं असतं, माझ्या वेळी बदललं.

आता आनंदाची गोष्ट, एकच आहे. मेची वीस-बावीस तारीख. २०२५ मध्ये मान्सून २५ मेलाच तळकोकणात उतरला, पण त्याच्या आधीपासूनच पाऊस मागे लागलेला. अंगणात सोलांना रसाचं तिसरं पुट देऊन पसरली होती आणि तेच टिपायला मोबाइल पालथ्या बादलीवर उभा केला होता. आभाळ कधी भरलं कळलं नाही. सासूबाई आतून ओरडल्या, "पावस इलो! सोलां उचला, सोलां!" आणि जी धावपळ झाली! नवरा ताडपत्री घेऊन, मी चटईची दोन टोकं धरून, शेजारची पोरगी सूप घेऊन. मोबाइल तिथेच. त्यात आमचे पाय, सटकलेली एक चप्पल, पत्र्यावर तडतडणारा पाऊस आणि शेवटी सासूबाईंचा आवाज: "मोबायल भिजता तो बघ गो!" एकूण ४१ सेकंद.

नेटवर्क दहा मिनिटंच होतं, गाणं शोधायला वेळ नव्हता. तशीच टाकली. १,९०० वेळा पाहिली गेली, ११,००० च्या पासंगालाही नाही. पण ६४ जणांनी पुढे पाठवली आणि २३ जणांनी विचारणा केली. त्यातल्या दोघींनी विचारलं, ती भिजलेलीच सोलं आम्हाला पाठवणार का? नाही हो, ती चुलीवर सुकवून घरात खातोय. आवाज आपलाच असल्यामुळे जाहिरातीलाही अडचण आली नाही. हजार रुपये लावले, करासकट ११८०. ३८ बाटल्या गेल्या, म्हणजे २,०९० सुटले, हातात राहिले ९१०. सोलं वेगळी. घर बांधता येणार नाही, पण १० किलोमीटरवाल्या वर्तुळापेक्षा बरं.

हिशोब असा उभा आहे. परतावा वजा जाता ३,९९९, म्हणजे ७३ बाटल्या. त्या मॅडमच्या चार धड्यांसाठी मी ७३ मनातल्या मनात माफ करायला निघाले होते.

पण आज दुपारी कोर्सवाल्यांचा संदेश आला. ऑटोपे रद्द झालेलं त्यांना दिसलेलं दिसतंय, सूर एकदम गोड. पावसाची रील फार आवडली म्हणे, 'आमची यशस्वी विद्यार्थिनी' म्हणून त्यांच्या जाहिरातीत वापरायची परवानगी द्याल का? सोबत नमुना जोडला होता. उघडला. पत्र्यावरचा पाऊस गायब, सासूबाई गायब, वर कोळीगीत. तेच.

मी पहिलं झटपट उत्तर पाठवलं: आगळ खारट असतं, सरबत नव्हे. पाणी घालून मगच प्या.