बंड्याची खाज आणि कोपऱ्यावरचा दवाखाना

पावसाळा लागला की आमचा बंड्या (गावठी कुत्रा, वजन 18 किलो) पंजे चाटून चाटून लाल करतो. यंदा घरातली सर्दीची गोळी अर्धी करून देणारच होते, पण आधी ती घेऊन कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "ताई, पाकिटाच्या मागचं वाचलंत का?" सेटिरिझिनसोबत (हे ॲलर्जी-खाजेवरचं औषध) पॅरासिटामॉल आणि फिनाइलएफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं)! नुसती सेटिरिझिन कुत्र्यांना देतात, ही खिचडी मात्र जिवावर बेतू शकते. गोड सिरपही नको. काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असतं, ते कुत्र्यांना विषच.

बंड्याला काट्यावर उभं केलं, चालू औषधं विचारली आणि मग सेटिरिझिनची 10 मिलिग्रॅमची साधी गोळी लिहून दिली. पोळीत लपवली तर हा पोळी खाऊन गोळी थुंकतो. पनीरमध्ये मुकाट गिळतो, लबाड! पहिल्या दिवशी जरा पेंगला. खाज कमी झाली, गेली नाही. मग नीट पाहिल्यावर बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडले.

तक्रार एकच: बसायला एकच बाक, तोही मांजरवाल्यांनी अडवलेला. बंड्याला आवरत मी तासभर उभी.