लोलक संच: गोळे सुबक, पत्रक दिशाभूल करणारं

दोलनकाळ (लोलकाला एकदा जाऊन परत यायला, म्हणजे एका दोलनाला, लागणारा वेळ) वस्तुमानावर अवलंबून नसतो, हे पडताळायला या शालेय संचात लाकूड, अ‍ॅल्युमिनियम आणि पितळेचे गोळे आहेत. घडण चांगली, गोळे टांगायचे आकडे पक्के. घोळ एकच, पण मोठा: व्यास वेगळे आहेत आणि पितळेचा गोळा सर्वांत मोठा. पत्रक म्हणतं, दोरा तोच ठेवून गोळा बदला. मग वस्तुमानाबरोबर लांबीही बदलते, कारण लांबी मोजायची ती गोळ्याच्या केंद्रापर्यंत. 25 सेंमीच्या लोलकात केंद्र 1 सेंमी खाली गेलं, की 20 दोलनांना 20.1ऐवजी 20.5 सेकंद लागतात. पोरं लिहून मोकळी, ‘जड गोळा हळू झुलतो’!

म्हणून गोळा टांगल्यावरच लांबी मोजा आणि दर वेळी जुळवून घ्या. नायलॉनचा दोरा वजनाने ताणलाही जातो. लांबी 1 मीटर ठेवलीत तर तोच 1 सेंमी दोलनकाळात जेमतेम अर्धा टक्का फरक पाडतो. गोळा सोडताना दोऱ्याचा उभ्या रेषेशी कोन 10 अंशांच्या आत हवा. गोळा तळाच्या बिंदूवरून जाताना घड्याळ सुरू करा, तेव्हा ‘शून्य’ म्हणा. ‘एक’ म्हटलंत तर एक दोलन कमी भरतं. गोळ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा.

स्टँड हलका आहे, पायावर वीट ठेवावीच लागते.