जॅझची सुरुवात कुठून करावी? 1959 च्या तीन रेकॉर्ड

जॅझ ऐकायचं मनात आहे पण कुठून सुरू करू, असं कुणी विचारलं की त्याला बहुधा इतिहासाच्या वाटेनं पाठवलं जातं: आधी न्यू ऑर्लिन्स शहरातला सुरुवातीचा जॅझ, मग नाचायला लावणारा स्विंग, मग वेगवान बीबॉप. मला हे पटत नाही. 1920 च्या दशकातल्या खरखरीत ध्वनिमुद्रणांत नवा कान लवकर थकतो. त्यापेक्षा 1959 साल घ्या. न्यूयॉर्कच्या 30व्या रस्त्यावर एका जुन्या चर्चमध्ये कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. त्या एका वर्षात, त्याच छताखाली तीन रेकॉर्ड झाल्या: माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’, डेव्ह ब्रूबेकची ‘टाइम आउट’ आणि चार्ल्स मिंगसची ‘मिंगस आह अम’. तिन्ही आज सहज मिळतात, तिन्हींचा आवाज स्वच्छ आहे आणि स्वभाव मात्र पार वेगळे. कोणती आधी ऐकायची हे तुमचा कान आजवर कशावर पोसलाय यावर ठरवा.

रागसंगीत ऐकणाऱ्यांनी बिनदिक्कत ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्यावी. बीबॉपमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, भराभर बदलतात आणि वादकाला त्यांच्यामागे धावावं लागतं. माइल्सनं ही धावपळ थांबवली आणि एकेका स्वरसमूहावर रेंगाळायला जागा दिली. पहिलीच रचना ‘सो व्हॉट’ पाहा. पियानो आणि बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याची मोकळी, लयीत न बांधलेली सुरुवात संपली की मुखडा चक्क बास वाजवतो, आणि बाकीचे प्रत्येक ओळीला दोन कॉर्डचं छोटंसं उत्तर देतात. आता हातावर तीनताल धरा. पहिली चार आवर्तनं षड्ज पांढरी दोन, स्वर काफी थाटाचे, म्हणजे गंधार-निषाद कोमल. पुढची दोन आवर्तनं सगळा डोलारा तसाच उचलून काळी दोनवर जातो आणि शेवटची दोन पुन्हा पांढरी दोनवर. बस, एवढाच सांगाडा. तानपुऱ्याची सवय असलेला कान षड्ज सरकला की पहिल्यांदा दचकतो. चार-पाच वेळा ऐकल्यावर मात्र तो त्या वळणाची वाट पाहू लागतो.

मुखडा संपून माइल्सचा ट्रम्पेट सुरू होतो त्या क्षणी जिमी कॉबची झांज खणकन वाजते आणि तिचा नाद बराच वेळ हवेत राहतो. तिथून पुढे एकाच सांगाड्यावर एकामागून एक वादक येतात. माइल्स मोजके सूर लावतो आणि मधे जागा सोडतो. जॉन कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन त्याच स्वरांतून लांबलचक तानांसारखी वाक्यं काढतो. कॅननबॉल अ‍ॅडर्लीच्या आल्टो सॅक्सोफोनमध्ये ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्याचा, गोडवा आहे. एकच बंदिश तीन घराण्यांकडून लागोपाठ ऐकायला मिळावी, तसं हे आहे. जॅझमध्ये वादकाचा स्वतःचा आवाज म्हणजे काय हे मला इथे जितकं स्पष्ट कळलं तितकं कुठल्याही पुस्तकातून कळलं नसतं.

काम करता करता मागे लावून ठेवायला ही रेकॉर्ड घेऊ नका. ती संथ आहे, लक्ष नसेल तर हातातून निसटते. आणि हार्मोनियमवर सूर शोधत ऐकणार असाल तर 1990 च्या दशकानंतरची, दुरुस्त केलेली आवृत्ती घ्या. मार्चमधल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगानं वाजवलेल्या जुन्या प्रतींत पहिल्या बाजूच्या तीनही रचना थोड्या चढ्या सुरात वाजतात.

तबल्यात रमणाऱ्यांनी मात्र ‘टाइम आउट’पासून सुरुवात करावी. तोवरचा बहुतेक जॅझ चार मात्रांत चालत असे. ब्रूबेक 1958 मध्ये चौकडी घेऊन तुर्कस्तानपासून भारतापर्यंत दौरा करून आला होता, आणि इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेली नऊ मात्रांची लय त्यानं ‘ब्लू राँडो’त घेतली: दोन-दोन-दोन-तीन. ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांची, तीन आणि दोन अशी. झपतालात आधी दोन, मग तीन, हे अंगवळणी पडलेल्यांना ही उलटी मांडणी लगेच खुणावेल. ही रचना आल्टो वाजवणाऱ्या पॉल डेझमंडची. जो मोरेलोचा ड्रम सुरू झाल्यावर पियानो तोच छोटा तुकडा वाजवत राहतो. सोलो तबल्याखाली लहरा चालतो ना, अगदी तेच काम.

ही तिघींत सगळ्यात लवकर आवडणारी. तरी ‘काइंड ऑफ ब्लू’त दर वेळी जी नवी दारं उघडतात, ती मला इथे कमी सापडली. गाडीत लावायला, घरातल्या मुलांना ऐकवायला हिच्यासारखी दुसरी नाही.

मिंगस तिसरा ठेवा, पण टाळू नका. ब्लूज, चर्चमधलं सामूहिक गाणं, टाळ्या, आरोळ्या, सगळं इथे एकत्र उसळतं. भजनाच्या फडात बसून आवाज लावलेल्यांना पहिली रचना थेट भिडेल. त्याच रेकॉर्डवर मार्च 1959 मध्ये गेलेल्या सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसाठीचं शोकगीतही आहे. आणि ‘फेबल्स ऑफ फॉबस’ ही अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या फॉबस नावाच्या गव्हर्नरची निर्भर्त्सना आहे. 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना रोखायला त्यानं सैनिक उभे केले होते. या रेकॉर्डवर ती शब्दांवाचून वाजते. 1960 मध्ये मिंगसनं दुसऱ्या कंपनीसाठी ती शब्दांसह केली. दोन्ही लागोपाठ ऐका. मूळ एलपीसाठी काही रचना कापल्या होत्या, म्हणून पूर्ण लांबीची नवी आवृत्ती शोधा.

शब्दांशिवाय मन लागतच नसेल, तर या तिन्हींच्या आधी 1956 ची ‘एला अँड लुई’ घ्या. एला फिट्झजेराल्डचा नितळ आवाज, लुई आर्मस्ट्राँगचा घोगरा, मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो. आर्मस्ट्राँग गाणं थांबवून ट्रम्पेट उचलतो तेव्हा त्याचे शब्द आणि सूर एकाच ढंगात पडतात. तेवढं कानाला कळलं की मग ‘सो व्हॉट’ लावा.