आठ सॉकेटांचा घरगुती मिडी कंट्रोलर: सेन्सर बदलत वापरल्यावर

प्रो मायक्रो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर (एटीमेगा ३२यू४, ५ व्होल्टवाला) बांधलेला हा कंट्रोलर, म्हणजे सेन्सरच्या वाचनातून संगणकावरच्या संगीताला मिडी हुकूम देणारी पेटी, गेले काही महिने रोज वापरात आहे. कुठल्याही सॉकेटात कुठलाही सेन्सर लागावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. ती पुरी होते, कारण डिव्हायडरचा (सेन्सरचा बदल व्होल्टेजमध्ये आणणाऱ्या जोडीतला) रेझिस्टर पेटीत नाही, सेन्सरच्या बाजूला आहे. एफएसआरला (दाब ओळखणारा सेन्सर) १० के (किलोओहम) लागतो, एलडीआरला (उजेड ओळखणारा) खोलीतल्या उजेडाप्रमाणे ४.७ ते २२ के, पॉटला (फिरवायचा नॉब) काहीच नाही. हा रेझिस्टर पेटीत बसवला की ते सॉकेट त्या एकाच सेन्सरचं होऊन बसतं. पेटीतून चारच तारा काढायच्या: ५ व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल आणि ओळख (कुठला सेन्सर लावलाय ते सांगणारी).

कनेक्टर जीएक्स१२, चार पिनांचा, धातूचा गोल. साडेतीन मिमीचा स्टिरिओ जॅक मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, ढिगाने मिळतो, पण या कामाला नको. प्लग आत सरकताना ५ व्होल्ट क्षणभर ग्राउंडला भिडतात, बोर्ड रीसेट होतो आणि चालू गाण्यात मिडी डिव्हाइस गायब. पुरवठ्यात १०० ओहम टाकून शॉर्ट आवरतो खरा, पण मग ३० मिलिअँपिअर ओढणाऱ्या शार्पच्या इन्फ्रारेड सेन्सरला जेमतेम २ व्होल्ट उरतात. जीएक्स१२ सोल्डर करताना प्लग त्याच्या सॉकेटात खोचून ठेवा, म्हणजे प्लास्टिक मऊ झालं तरी पिना तिरप्या होत नाहीत. मागचं कव्हर आणि हीटश्रिंक आधी तारेत ओवा. जोडताना अंगावरचे आकडे पाहा, जागा नव्हे. मागून क्रम उलटा दिसतो.

प्रत्येक सिग्नलला पेटीत १ के सिरीजमध्ये आणि पिनेपाशी १०० के ग्राउंडला. दुसरा नसेल तर रिकामं सॉकेट तरंगतं (वाचन भरकटत राहतं) आणि सीसी (कंट्रोल चेंज, नॉब फिरवल्यावर जातात तसे) मेसेजचा पाऊस पडतो.

ओळखीची तार हा या बांधणीतला सगळ्यात कामाचा भाग. पेटीत १० के ५ व्होल्टला, प्लगमध्ये ओळखीचा रेझिस्टर ग्राउंडला. १ के असेल तर वाचन (० ते १०२३ पैकी) साधारण ९३, ३.३ के २५४, १० के ५११, ३३ के ७८५, रिकामं १०२३. प्रो मायक्रोवर अॅनालॉग पिना नऊच: आठ सिग्नलला, नववी एका ७४एचसी४०५१ (आठ तारांतली एक निवडून जोडणारी चिप) मधून आठही ओळखी वाचायला. लागोपाठ दोन वाचनं जुळल्याशिवाय सॉकेट चालू करू नका. प्लग बसत असतानाचे आकडे भलतेच असतात.

आता सेन्सर. एफएसआर ४०२ च्या शेपटीला सोल्डरिंग आयर्न लावली की प्लास्टिक वितळतं. फिमेल हेडर किंवा क्रिंप वापरा. बोट दाबून धरलं तर वाचन हळूहळू सरकत राहतं, त्यामुळे व्हॉल्यूमला नको, आफ्टरटचला (सूर लागल्यावर दाब बदलून त्यात फरक करायला) उत्तम. शार्प जीपी२वाय०ए२१ ला १० ते ८० सेमीचा पल्ला. हात १० सेमीच्या आत आला की व्होल्टेज उलट पडतं, म्हणून तो नळीत तेवढाच खोल बसवावा. वरचं टोक ३.१ व्होल्टच्या आसपास, म्हणजे ६३५ पर्यंतच. कोडमध्ये ताणून घ्या. नवं वाचन सुमारे ३८ मिलिसेकंदांनी येतं, त्यामुळे फिल्टर फिरवताना पायऱ्या ऐकू येतात. स्मूदिंग हवंच. सेन्सरच्या पायांशी १० मायक्रोफॅरड लावला नाही तर शेजारच्या सॉकेटांतही थरथर येते.

पिझो (ठोका ओळखणारा सेन्सर) मात्र या योजनेत सरळ बसत नाही. पेटीतला १०० के त्याचा सिग्नल खाऊन टाकतो. १ मेगाओहम, दोन शॉट्की डायोड आणि एमसीपी६००२ या ऑप-अॅम्पचा बफर पिझोच्या डबीतच घालावा लागतो. चार सेन्सरांत जास्त कटकट याचीच.

एलडीआर जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली १०० हर्ट्झने थरथरतो; २० मिलिसेकंदांची सरासरी घेतली की शांत. आणि प्रो मायक्रोचं मायक्रो-यूएसबी सॉकेट बोर्डवरून सहज उखडतं, त्यामुळे केबल पेटीच्या आत टायने बांधून टाका.