सांगलीत करून घेतलेलं आरएनेझ ई चं थ्रीडी मॉडेल, घ्यावं का?

एमएस्सी मायक्रोच्या पोरांना एमआरएनए (प्रोटीन बनवायचा जीनचा निरोप नेणारा रेणू) कसा मोडतो हे फळ्यावर शिकवून शिकवून वैताग आला होता म्हणून विश्रामबागेतल्या एका थ्रीडी प्रिंटवाल्याकडून ई. कोलाय या बॅक्टेरियातल्या आरएनेझ ई चं, म्हणजे आरएनए कापणाऱ्या एन्झाइमचं, मॉडेल करून घेतलं. दुकानाचं नाव नाही लिहीत. मिरजेच्या डेंटलवाल्यांची कामं तिथं जास्त असतात, त्यामुळे एन्झाइमची फाईल बघून दादांनी आधी विचारलं, "मॅडम हा कुठला पार्ट?"

चांगलं आधी सांगते. एन्झाइमच्या चार प्रोटीन साखळ्या चार रंगात सुट्ट्या प्रिंट केल्यात आणि आत बसवलेल्या मॅग्नेटनी जुळतात. दोन-दोनची जोडी, मग दोन जोड्या मिळून चौकडी, हे हातात घेतल्यावर पोरांना लगेच कळतं. जोडीतल्या दोघींना बांधणारा झिंक म्हणून बारका मणी लावलाय, दोन्हीकडची ४०४ आणि ४०७ नंबरची सिस्टीन (एक अमिनो ॲसिड) त्याला धरतात, तो मणी काढला की जोडी खळकन सुटते, भारी जमलंय!

आरएनएच्या ५ प्राइम, म्हणजे सुरुवातीच्या, टोकाचा खिसा पण नीट दिसतो. टोकाला एकच फॉस्फेट असेल तर ते तिथं बरोबर बसतं आणि कापाकापी जोरात होते, तीन असतील तर बसत नाही, म्हणून आरपीपीएच नावाचं दुसरं एन्झाइम आधी दोन फॉस्फेट उडवतं. प्रत्यक्ष काप मात्र खिशापासून जरा लांब, मॅग्नेशियम असतं तिथं. बॅक्टेरियाचे बरेचसे एमआरएनए काही मिनिटांतच संपतात ते अशाच कामामुळे.

आता तक्रार. आरएनए जाते त्या खाचेत सपोर्टचा कचरा (प्रिंट करताना आधाराला घातलेलं प्लास्टिक) तसाच ठेवलेला, आरएनए म्हणून दिलेली वायर आत जाईचना. सुई घेऊन घरी टोकरत बसले. ज्या जागेसाठी मॉडेल घ्यायचं तीच बुजवून दिल्यावर काय उपयोग? आणि फोन केला की "उद्या बघतो मॅडम", तो उद्या काय उगवला नाही.

मॉडेल अर्धंच दिलंय असं एक सहकारी म्हणाले, त्यात दुकानाची चूक नाही हो. अख्खं प्रोटीन १०६१ अमिनो ॲसिडचं, २००५ मध्ये स्ट्रक्चर आलं ते पुढच्या अर्ध्याचं. मागचं शेपूट लुळं, ठरलेला आकारच नाही, प्रिंट कशाचं करणार? पण आरएनएचे पीळ सोडवणारं हेलिकेज, आरएनए टोकाकडून कुरतडणारं पीएनपेझ आणि चक्क ग्लायकोलिसिसमधलं (साखर मोडण्याच्या प्रक्रियेतलं) इनोलेज येऊन चिकटतात ते त्याच शेपटाला, त्यामुळे मी लोकरीचा दोरा लावून त्यावर तीन बटणं शिवलीत, काम भागतं.

पाचपैकी साडेतीन स्टार. माणसाच्या पेशीतल्या डीकॅपिंगचं (एमआरएनएच्या टोकाची टोपी काढण्याचं) मॉडेल पण इथंच करून घेणारे, फक्त खाच मोकळी करून दाखवल्याशिवाय या वेळी पैसे देणार नाही.