प्रकाशकाविना पुस्तक: आगाऊ नोंदणी, मागणीनुसार छपाई की ई-बुक?

हस्तलिखित तयार आहे आणि प्रकाशक मिळत नाही, किंवा मिळतोय तो खर्च तुमच्याकडेच मागतोय. पैसे तुम्हीच घालणार असाल तर पुस्तकही तुमच्याच ताब्यात ठेवा, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात भक्कम मार्ग प्रकाशनपूर्व नोंदणीचा. छपाईआधीच सवलतीत पैसे घ्यायचे. आपल्याकडे हे नवं नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले ते भागभांडवल उभारून आणि वर्गणीदार जमवून. तुम्हाला एक वही पुरते: नाव, पत्ता, प्रती, पैसे कधी आले. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी ही वही नव्हती. हजार प्रती छापल्या की एक प्रत स्वस्त पडते, एवढंच डोक्यात होतं. ते खरंही आहे, कारण ऑफसेटला, म्हणजे प्लेट बनवून केलेल्या छपाईला, प्लेटचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजारांनाही तेवढाच. पण गठ्ठे पलंगाखाली राहिले आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या थराच्या पुठ्ठ्यांना ओल धरली. दुसऱ्या पुस्तकाला १८० नावं वहीत आल्यावरच मी छापखान्यात गेलो, आणि ३०० प्रतींवर थांबलो. टपालखर्च मात्र आधीच धरा. ज्ञान पोस्टने, म्हणजे टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या सेवेने, ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तक २० रुपये अधिक कर एवढ्यात जातं.

मागणीनुसार छपाईत, म्हणजे पोथी डॉट कॉम किंवा नोशन प्रेससारख्या ठिकाणी, साठा नाही, ओल नाही. ऑर्डर आली की प्रत छापली जाते. पण प्रत महाग पडते, आणि दीडशे पानांच्या कवितासंग्रहाची किंमत पाहून वाचक मागे फिरतो. संदर्भग्रंथाला, वंशावळीला, थोड्याच लोकांना हव्या असलेल्या पुस्तकाला हा मार्ग उत्तम.

ई-बुक परदेशातल्या मराठी वाचकाकडे लगेच पोचतं. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तक तुम्ही स्वतः चढवू शकता. मानधन ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही देता येत नाही. खरी अडचण फॉन्टची. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये झाली असेल तर रूपांतरात रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, आणि मुद्रितशोधन पुन्हा पहिल्या पानापासून करावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच युनिकोड फाइल मागा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात मोफत मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी जरूर करा.

आज रात्री वही घेऊन बसा आणि पैसे देऊन पुस्तक घेतीलच अशा माणसांची नावं लिहा. शंभरावर गेली तर नोंदणी सुरू करा. तिसाच्या आसपास अडकली तर मागणीनुसार छापा.