साडेचारशे, पण कशाचे?

नातवंडांच्या शाळा सुरू होण्याआधी चार दिवस समुद्र पाहून यावा, म्हणून आम्ही सहा जण जून २०२५ मध्ये गोव्यास गेलो होतो. कळंगुट-बागा परिसरात ९ जून रोजी रात्रीच्या एका जेवणात आमची जी फसवणूक झाली, ती सविस्तर लिहितो. तीस वर्षे मी पतसंस्थांचे हिशेब तपासले असल्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण त्याला इलाज नाही.

वाळूवरील शॅकचा, म्हणजे हंगामापुरत्या उभारलेल्या झोपडीवजा उपाहारगृहांचा, हंगाम मेअखेर संपतो. आम्ही पोहोचलो तेव्हा बहुतेक शॅक मोडून ठेवलेले होते आणि जेवायचे कोठे, हा प्रश्नच होता. टॅक्सीचालकाने आपणहून एक उपाहारगृह सुचवले आणि थेट दारात नेऊन सोडले. आम्ही आत बसल्यावर तो गल्ल्यापाशी उभा राहून चहा पीत होता, हे मी पाहिले होते. त्याचा अर्थ मात्र बिल आल्यावर लागला.

मेनूकार्डावर माशांपुढे भाव नव्हता, ‘बाजारभावाप्रमाणे’ एवढेच छापलेले होते. वेटरने बर्फावर मांडलेल्या माशांचे ताट टेबलापाशी आणले, त्यातील लालबुंद तांबोशीकडे बोट दाखवले आणि ‘साडेचारशे’ एवढा एकच शब्द उच्चारला. सूनबाईंनी विचारले, ‘‘किलोचा भाव का?’’ त्यावर, ‘‘ताई, रेट तोच आहे, मोठा मासा आहे, सगळ्यांना पुरेल,’’ असे गोड उत्तर मिळाले. हे उत्तर नव्हेच, हे तिच्या लक्षात आले होते. ती पुन्हा विचारणार, तोच चार लोकांत घासाघीस नको म्हणून मीच तिला थांबवले. सगळी फसवणूक खरे तर त्या क्षणी पूर्ण झाली होती. पुढचे केवळ जेवण होते.

मासा आमच्यासमोर तोलला नाही. ताटात आला तेव्हा त्याला डोके नव्हते, आणि बर्फावर पाहिलेल्या माशाच्या मानाने तो मला लहान वाटला. बिलात मात्र तांबोशीचे ६,३०० रुपये लावले होते. विचारणा केली तेव्हा मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावरची बारीक अक्षरातील ओळ दाखवण्यात आली: भाव १०० ग्रॅमचा, वजन साफ करण्यापूर्वीचे. वजन १ किलो ४०० ग्रॅम सांगितले गेले. काटा पाहू द्या म्हटल्यावर तो आत स्वयंपाकघरात आहे, तेथे ग्राहकांना जाता येत नाही, असे सांगण्यात आले.

भात, कोळंबी, सोलकढी आणि मुलांचे खाणे मिळून २,४५० रुपये झाले होते, त्यांविषयी माझी तक्रार नाही. परंतु एकूण ८,७५० रुपयांवर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ५ टक्के जीएसटी लावून आकडा १०,१०६ वर नेला होता. सेवाशुल्क बिलात परस्पर लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले आहे. एवढे मला ठाऊक होते, तेवढे बोललो, आणि ते ८७५ रुपये विशेष खळखळ न करता वगळण्यात आले. ज्या सहजतेने ते वगळले, त्यावरून बोलेल त्याचे वगळायचे आणि न बोलेल त्याच्याकडून घ्यायचे, असाच तेथील शिरस्ता असावा.

दमलेली नातवंडे खुर्चीतच झोपली होती, म्हणून ९,१८७ रुपये रोख भरून आम्ही निघालो. खोलीवर आल्यावर बिल नीट पाहिले तर ते कच्चे बिल निघाले. त्यावर जीएसटी आकारलेला होता, पण जीएसटी क्रमांक नव्हता, आणि पत्ताही नव्हता. नोंदणीशिवाय हा कर ग्राहकाकडून घेताच येत नाही. दुसऱ्या दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली खरी, परंतु पुरावा म्हणून हातात होता तो हा कागद. दुसऱ्याच्या दप्तरात असा कागद सापडला असता तर मी लाल शाईने शेरा मारला असता. आता मी आधी भाव आणि परिमाण ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहून घेतो, मासा समोर तोलायला लावतो आणि जीएसटी क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देत नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा सुचायला हवी होती. वेटरने मासा ‘आज सकाळी बोटीवरून उतरलेला’ म्हणून सांगितला होता. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि पूर्व किनाऱ्यावरील बंदी १४ जूनपर्यंत चालते. म्हणजे ९ जूनला दोन्ही किनाऱ्यांवरच्या मोठ्या बोटी बंदरातच होत्या. लहान पारंपरिक होड्यांवर थोडीफार मासळी येते, पण ताटभर मोठे मासे पाहून निदान शंका तरी यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हापशाच्या बाजारालगत एका लहान खानावळीत जेवलो. थाळीचा भाव फळ्यावर खडूने लिहिलेला होता. मी विसवण (सुरमई) मागितली तेव्हा मालक हसून म्हणाले, ‘‘विसवण आतां खंय?’’ (आता कुठली?) आणि त्यांनी सुक्या सुंगटांचे किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची खोबरे घातलेली कोशिंबीर, वाढले.